अपुऱ्या जागेवरील प्रयोगशाळा : अभियंत्यांनी शोधलेले मार्ग

विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी प्रशस्त, निवांत आणि मोकळी जागा हवी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जगातील अनेक नामांकित संशोधन संस्था दाट वस्तीच्या महानगरांत वसलेल्या आहेत आणि त्यांच्या आवारात नवी इमारत उभारण्याइतकी मोकळी जमीन उरलेली नाही. अशा वेळी जुन्या वास्तूच्या माथ्यावर, वाहत्या रस्त्याच्या वर किंवा जमिनीच्या पोटात जागा निर्माण करावी लागते. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठ, त्याच शहरातील रॉकफेलर विद्यापीठ आणि लंडनमधील फ्रान्सिस क्रिक संस्था या तीन संस्थांच्या इमारती अनुक्रमे २०१०, २०१९ आणि २०१६ या वर्षी सुरू झाल्या. तिन्ही ठिकाणी अडचण निराळी होती आणि तिच्यावरील उपायही निराळा होता. मात्र एक गोष्ट समान होती. इमारतीचा आकार, तिचा सांगाडा आणि ती बांधण्याचा क्रम या तिन्ही बाबी वास्तुरचनाकाराच्या पसंतीपेक्षा जागेच्या अडचणीने अधिक ठरवल्या.

प्रयोगशाळेची इमारत वेगळी का?

निवासी किंवा कार्यालयीन इमारत आणि प्रयोगशाळा यांच्यात बाहेरून फारसा फरक दिसत नाही. आतील गरजा मात्र पूर्णपणे वेगळ्या असतात. पहिली गरज हवेची. वातानुकूलित कार्यालयात थंड केलेली बरीचशी हवा पुन्हा पुन्हा फिरवता येते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तसे करता येत नाही. विषारी किंवा ज्वालाग्राही वाफा मिसळलेली हवा थेट बाहेर टाकावी लागते आणि तिच्या जागी तेवढीच ताजी हवा आत आणावी लागते. हे काम रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. त्यासाठी छताखालून जाणाऱ्या रुंद वायुनलिका लागतात आणि त्यांच्यासोबत पाणी, विविध वायू, वीज आणि सांडपाणी यांच्या वाहिन्याही असतात.

या नलिकांमुळे मजल्याची उंची वाढते. राहत्या घराच्या एका मजल्याला सुमारे ३ मीटर उंची पुरते, तर प्रयोगशाळेच्या मजल्याला ४ मीटरपेक्षा अधिक उंची लागते. इमारतीच्या उंचीवर ३० मीटरची मर्यादा असेल, तर निवासी इमारतीत १० मजले बसतात आणि प्रयोगशाळेत जेमतेम ७. म्हणजेच जागा आधीच अपुरी असताना प्रयोगशाळा इतर इमारतींपेक्षा अधिक जागा मागते.

दुसरी गरज लवचीकतेची. संशोधनाचे विषय बदलतात, नवी उपकरणे येतात, जुनी कालबाह्य होतात. त्यामुळे मध्ये खांब नसलेली, हवी तशी विभागता येणारी दालने संशोधकांना हवी असतात. तिसरी आणि सर्वांत कठीण गरज स्थैर्याची आहे. इमारत कोसळू नये एवढेच येथे पुरेसे नसते. ती थरथरताही कामा नये.

कंपनांचे माप

रेल्वेरुळांलगतच्या घरात गाडी जाताना कपाटातील काचेची भांडी किणकिणतात, हा अनेकांच्या परिचयाचा अनुभव आहे. जमिनीतून आलेली ही कंपने माणसाला जाणवतात. परंतु माणसाला मुळीच न जाणवणारी कंपनेही सूक्ष्म उपकरणांना अडथळा आणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अणूंच्या रांगा पाहायच्या असतील, तर नमुना आणि उपकरण यांच्यात अणूच्या व्यासाइतकीही सापेक्ष हालचाल चालत नाही.

यासाठी अभियंते मजल्याच्या कंपनाचा वेग मोजतात. कार्यालयात दर सेकंदाला सुमारे ४०० मायक्रॉन एवढा कंपनवेग चालून जातो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शस्त्रक्रियागृहासाठी ही मर्यादा सुमारे १०० मायक्रॉनपर्यंत खाली येते. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एरिक उंगार आणि कॉलिन गॉर्डन यांनी संवेदनशील उपकरणांसाठी याहून कडक श्रेणी मांडल्या. त्यांतील पहिल्या श्रेणीत दर सेकंदाला ५० मायक्रॉन, तर पाचव्या आणि मूळ मांडणीतील सर्वांत कडक श्रेणीत केवळ ३ मायक्रॉनच्या आसपास कंपनवेगाची मुभा आहे. या श्रेणी आज जगभर वापरल्या जातात.

कंपनांचे उगम दोन प्रकारचे असतात. रेल्वे, वाहने आणि शेजारची बांधकामे यांची कंपने बाहेरून येतात. पंखे, पंप, उद्‌वाहने आणि मुख्यतः माणसांची पावले यांची कंपने इमारतीच्या आतच निर्माण होतात. माणूस साधारणपणे सेकंदाला दोन पावले टाकतो. मजल्याची स्वतःची नैसर्गिक वारंवारता या लयीच्या किंवा तिच्या पटीच्या जवळ असेल, तर प्रत्येक पावलागणिक थरथर वाढत जाते. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे प्रयोगशाळेचा मजला मजबूत असण्याबरोबरच पुरेसा ताठर असावा लागतो.

येथेच अपुऱ्या जागेचा प्रश्न अवघड होतो. खालच्या जागेत खांब उतरवता येत नसले, की दोन आधारांमधील अंतर वाढवावे लागते. समान भार सोसणाऱ्या एकाच जाडीच्या तुळईचे अंतर दुप्पट केले, तर तिचा बाक दुप्पट न होता सोळापट होतो. अंतर वाढले की ताठरता झपाट्याने घटते आणि प्रयोगशाळेला तर ताठरताच हवी असते. या दोन परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालणे, हा अशा बांधकामांतील मुख्य प्रश्न आहे.

व्यायामशाळेच्या माथ्यावर चौदा मजले

कोलंबिया विद्यापीठ १८९७ मध्ये मॅनहॅटनच्या मॉर्निंगसाइड हाइट्स या टेकाडावर स्थलांतरित झाले. मॅकिम, मीड आणि व्हाइट या वास्तुरचनाकारांनी त्याच्या आवाराचा आराखडा आखला होता. ब्रॉडवे आणि १२० वा रस्ता यांच्या चौकातील आवाराचा वायव्य कोपरा मात्र एकविसाव्या शतकापर्यंत रिकामा दिसत होता. तो केवळ दिसायला रिकामा होता. त्याच्या खाली विद्यापीठाची व्यायामशाळा आणि बास्केटबॉलचे क्रीडागृह होते.

हे क्रीडागृह तेथे येण्यालाही इतिहास आहे. विद्यापीठाने मुळात शेजारच्या मॉर्निंगसाइड उद्यानात व्यायामशाळा बांधण्याचे ठरवले होते. उद्यानाची जमीन सार्वजनिक होती आणि पलीकडे हार्लेम ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती होती. रहिवाशांना इमारतीतील थोडाच भाग मिळणार होता आणि त्यांचे प्रवेशद्वारही खालच्या बाजूला असणार होते. या योजनेविरुद्धचा असंतोष हे १९६८ मधील विद्यार्थी आंदोलनाचे एक प्रमुख कारण ठरले. योजना रद्द झाली आणि पुढे १९७० च्या दशकात व्यायामशाळा विद्यापीठाने स्वतःच्याच आवारात, बऱ्याच अंशी जमिनीच्या पातळीखाली बांधली. नव्या शतकात अभियंत्यांसमोर उभी राहिलेली अडचण अशा रीतीने एका सामाजिक संघर्षातून आलेली होती.

विद्यापीठाला याच कोपऱ्यावर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी या विषयांच्या संशोधकांना एकत्र आणणारी इमारत हवी होती. जागेची निवड सकारण होती. एका बाजूला भौतिकशास्त्राची प्युपिन ही इमारत आहे. १९३९ च्या जानेवारीत युरेनियमच्या अणुविभाजनाचा प्रयोग तेथे करण्यात आला होता आणि १९६५ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दुसऱ्या बाजूला रसायनशास्त्राच्या इमारती आहेत. रिकामा कोपरा भरून काढला, तर दोन्ही विभाग पुलांनी जोडले जाणार होते.

क्रीडागृह पाडायचे नव्हते आणि खेळाच्या मैदानाच्या मधोमध खांब उतरवणेही शक्य नव्हते. त्यामुळे नव्या इमारतीला सुमारे १२० फूट, म्हणजे ३६ मीटरपेक्षा अधिक अंतर आधाराविना ओलांडणे भाग होते. शिवाय लगतच्या ब्रॉडवेखालून १९०४ पासून भुयारी रेल्वे धावते आणि तिचे रूळ जमिनीपासून फार खोल नाहीत. लांब अंतर, वर चौदा मजले आणि शेजारी रेल्वे, अशी तिहेरी अडचण येथे होती.

स्पेनचे वास्तुरचनाकार राफाएल मोनेओ आणि अरुप या अभियांत्रिकी संस्थेने या अडचणीवर जो उपाय योजला, त्याचे मर्म पुलाच्या रचनेत आहे. पोलादी त्रिकोणांची जोडणी करून तयार होणाऱ्या सांगाड्याला अभियांत्रिकीत ट्रस म्हणतात. गिरणीच्या छपराखालील कैची किंवा रेल्वेपुलाच्या बाजूंची जाळी ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी न बदलता त्याचा आकार बदलता येत नाही, म्हणून अशी जाळी कमी पोलादात अधिक ताठरता देते. ट्रसची उंची दुप्पट केली, तर तिची ताठरता सुमारे चौपट होते.

पुलाच्या ट्रसची उंची सहसा काही मीटर असते. येथे मात्र अनेक मजल्यांच्या उंचीत तिरप्या पोलादी दांड्या बसवून इमारतीचा सांगाडाच ट्रसप्रमाणे काम करील अशी योजना करण्यात आली. अनेक मजले उंचीचा हा पूल क्रीडागृह ओलांडून कडेच्या आधारांवर टेकतो. मजल्यांचा भार तिरप्या दांड्यांतून कडेला वळवला जातो आणि तेथून पायाकडे जातो. बाहेरील ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची तिरपी मांडणी आतील या सांगाड्याला अनुसरून केलेली आहे. इमारतीचा भार कसा वाहिला जातो, हे त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते.

अशा सांगाड्याच्या बांधकामात एक विशेष पेच असतो. अनेक मजले मिळून बनणारी ट्रस पूर्ण झाल्यावरच पूर्ण ताकदीने काम करते. पहिले काही मजले उभे राहिले असताना ती अपुरी असते, पण भार तर तेव्हापासूनच यायला लागतो. प्रत्येक टप्प्यावर सांगाडा किती वाकेल, याचे गणित म्हणूनच आधी मांडावे लागते. अखेरीस मजले समपातळीत यावेत यासाठी काही भाग मुद्दाम थोडे उंच धरून जोडावे लागतात. असे गणित चुकले, तर शेजारच्या जुन्या इमारतींना जोडणारे पूल पातळीत बसत नाहीत.

सुमारे १,८८,००० चौरस फुटांची ही इमारत २०१० च्या अखेरीस सुरू झाली. प्रयोगशाळांसाठी त्यात दुप्पट उंचीची दालने आहेत. विद्यापीठाचे आवार ब्रॉडवेपेक्षा सुमारे ३० फूट उंचावर असल्याने या कोपऱ्यावर पूर्वी रस्ता आणि आवार यांच्यात केवळ भिंत होती. नव्या इमारतीमुळे रस्त्याच्या पातळीवर प्रवेशद्वार मिळाले आणि तेथून आवारापर्यंत जाण्याची वाट उघडली.

महामार्गावर आधारलेली प्रयोगशाळा

रॉकफेलर विद्यापीठाची स्थापना १९०१ मध्ये वैद्यकीय संशोधन संस्था म्हणून झाली. मॅनहॅटनच्या पूर्व किनाऱ्यावरील त्याचे आवार एका बाजूला यॉर्क ॲव्हेन्यू आणि दुसऱ्या बाजूला एफडीआर ड्राइव्ह हा नदीकाठचा द्रुतगती मार्ग यांच्यामध्ये बंदिस्त आहे. उंच इमारत बांधली असती, तर आवारातील बागा आणि जुन्या वास्तूंपुढील नदीचे दृश्य या दोन्हींवर गदा आली असती. त्याखेरीज, वेगवेगळ्या मजल्यांवर विभागलेले संशोधक एकमेकांना क्वचितच भेटतात, हा अनुभवही विद्यापीठाच्या लक्षात होता. त्यामुळे उंच इमारतीऐवजी लांबट आणि बसक्या इमारतीचा विचार पुढे आला. तिच्यासाठी उपलब्ध असलेली एकमेव जागा महामार्गाच्या वर होती.

रस्त्यावरील मोकळ्या अवकाशात बांधण्याचा हक्क विद्यापीठाकडे १९७० च्या दशकापासून होता. तो वापरण्याच्या योजनेला २०१४ मध्ये महानगराची मंजुरी मिळाली. वास्तुरचनाकार राफाएल विन्योली यांनी आखलेल्या इमारतीत प्रयोगशाळांचे दोन विस्तीर्ण मजले असून त्यांच्या माथ्यावर बाग आहे. आवार रस्त्यापेक्षा उंचावर असल्याने ही बाग जुन्या आवाराच्या पातळीला येऊन मिळते. आवारात उभ्या असलेल्या व्यक्तीला प्रयोगशाळा जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो बागेचा विस्तार आणि पलीकडची नदी.

खांबांसाठी जागा अत्यंत अल्प होती. एका बाजूला आवाराचा उंचवटा, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि नदी यांमधील पादचारी मार्गाची चिंचोळी पट्टी, एवढ्याच ठिकाणी पाया घेणे शक्य होते. रस्त्याच्या मध्ये काहीही उभारता येत नव्हते. आणखी महत्त्वाचा प्रश्न बांधकामाचा होता. हा मार्ग मॅनहॅटनच्या वाहतुकीची एक मुख्य धमनी आहे. त्यावर महिनोन्‌महिने मचाण उभारणे किंवा दिवसा क्रेन चालवणे अशक्य होते.

यावर उपाय म्हणून सांगाडा जागेवर जोडण्याचा विचारच सोडून देण्यात आला. पोलादी सांगाड्याचे १९ अवाढव्य भाग शेजारच्या न्यू जर्सी राज्यात जोडून तयार करण्यात आले. त्यांतील काहींचे वजन ८०० टनांपर्यंत होते. हे भाग तराफ्यांवरून जलमार्गाने आणण्यात आले. २०१६ च्या उन्हाळ्यात चेसापीक १००० या तरंगत्या क्रेनने ते एकेक करून उचलले आणि रस्ता ओलांडून आधीच तयार असलेल्या खांबांवर ठेवले. काम रात्री, वाहतूक थांबवून केले जाई आणि सकाळी मार्ग पुन्हा खुला होई. ईस्ट रिव्हर हिला नदी म्हणत असले, तरी ती प्रत्यक्षात भरती-ओहोटीची सामुद्रधुनी आहे. तिच्या प्रवाहाची दिशा दिवसातून अनेकदा बदलते. तरंगत्या क्रेनवरून शेकडो टनांचा भाग ठरलेल्या जागी अचूक बसवणे म्हणूनच पराकाष्ठेच्या कौशल्याचे काम होते. हीच क्रेन २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या कोसळलेल्या पुलाचे अवशेष हटवण्यासाठी वापरण्यात आली.

हे नवे संकुल २०१९ मध्ये सुरू झाले. ज्या रस्त्यामुळे जागा नव्हती, त्या रस्त्याला वळसा घालण्याऐवजी त्याच्यावरूनच विद्यापीठाचा विस्तार झाला. नदीकडील पादचारी मार्गाच्या लगतच्या भागाची सुधारणाही या प्रकल्पाबरोबर करण्यात आली.

लंडनमध्ये जमिनीच्या पोटात

लंडनमधील फ्रान्सिस क्रिक संस्थेपुढील अडचण तिसऱ्या प्रकारची होती. येथे जमीन मोकळी होती, पण सर्व बाजूंनी वेढलेली. दक्षिणेला ब्रिटिश लायब्ररी, पूर्वेला रस्त्यापलीकडे सेंट पँक्रास हे आंतरराष्ट्रीय रेल्वेस्थानक आणि इतर बाजूंना सॉमर्स टाउन ही जुनी वस्ती अशा मध्यभागी ही जमीन आहे. जवळूनच भूमिगत रेल्वेमार्ग जातात. डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्या दोघांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिक यांचे नाव दिलेल्या या संस्थेत सुमारे १,५०० जणांना सामावून घ्यायचे होते. मात्र शेजारच्या घरांचा आणि ऐतिहासिक वास्तूंचा विचार करता इमारत हवी तितकी उंच नेता येत नव्हती.

वर जाता येत नसेल, तर खाली जावे, हा मार्ग येथे स्वीकारण्यात आला. २०११ मध्ये काम सुरू झाले आणि सुमारे १६ मीटर खोल उत्खनन करून जमिनीखाली चार मजले घेण्यात आले. दर्शनी भागात कमानदार छत असून त्याखाली वायुवीजनाची अवजड यंत्रणा झाकलेली आहे. शेजारच्या स्थानकाच्या भव्य कमानीशी या छताचे नाते जुळते. राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते ९ नोव्हेंबर २०१६ रोजी संस्थेचे औपचारिक उद्‌घाटन झाले.

जमिनीखाली जाण्याचा आणखी एक लाभ आहे. वरचे मजले खांबांवर तोललेले असल्याने थरथरतात; थेट जमिनीवर टेकलेला जाड काँक्रीटचा थर त्या मानाने स्थिर असतो. म्हणून अतिसंवेदनशील उपकरणांना सहसा तळमजल्याखाली जागा दिली जाते. परंतु रेल्वे जवळ असेल, तर तिची कंपने जमिनीतूनच येतात आणि हा लाभ काही अंशी कमी होतो. शिवाय विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे सभोवतालचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील इलेक्ट्रॉनांची शलाका चुंबकीय क्षेत्रानेच वळवली जाते, त्यामुळे बाहेरील क्षेत्र बदलले की प्रतिमा बिघडते.

अशा ठिकाणी उपाय एकावर एक रचावे लागतात. प्रथम उपकरणे रुळांपासून शक्य तितकी दूर ठेवली जातात. त्यांच्याखालील काँक्रीटचा थर अधिक जाड करून इमारतीच्या उर्वरित भागापासून वेगळा ठेवला जातो. उपकरण हवेच्या दाबावर तरंगणाऱ्या पायांवर बसवले जाते. चुंबकीय क्षेत्र अडवण्यासाठी खोलीला विशिष्ट धातूंचे अस्तर लावले जाते किंवा विरुद्ध दिशेचे क्षेत्र निर्माण करणारी वेटोळी बसवली जातात. यांपैकी एकच उपाय क्वचितच पुरेसा ठरतो.

बांधकामाची शिस्त

अपुऱ्या जागेवर साहित्य ठेवण्यासही जागा नसते. पोलाद, काँक्रीट आणि काचेची तावदाने लागतील त्याच वेळी, लागतील तेवढीच आणावी लागतात. एखादी मालमोटार उशिरा आली, तर क्रेन रिकामी थांबते. लवकर आली, तर रस्ता अडतो. म्हणून खेपांचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकाइतक्या काटेकोरपणे आखले जाते. शक्य तितके भाग कारखान्यात तयार करून आणण्यावर त्यामुळे भर असतो. वायुनलिका, पाण्याचे नळ आणि विजेच्या वाहिन्या एकाच चौकटीत जोडून आणल्या, तर जागेवर केवळ त्या बसवण्याचे काम उरते.

खोल तळघरासाठी 'वरून खाली' या पद्धतीचा वापर केला जातो. तीत प्रथम जागेच्या कडेने खोल चर खणून काँक्रीटची भिंत ओतली जाते आणि आतील खांब जमिनीत उतरवले जातात. नंतर जमिनीच्या पातळीवरील स्लॅब टाकला जातो आणि त्यात ठेवलेल्या मोकळ्या जागेतून खालची माती काढली जाते. एकेक मजला खाली जाताना त्याचा स्लॅब भोवतालच्या भिंतींना आतून टेकू देतो. त्यामुळे मातीच्या दाबाने भिंत आत सरकण्याचा आणि शेजारच्या इमारतींना तडे जाण्याचा धोका कमी होतो. खाली खोदकाम चालू असतानाच वरचे मजलेही उभारता येतात आणि वेळ वाचतो.

शेजारच्या प्रयोगशाळेत काम चालू असेल, तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. पाया खणताना होणारी कंपने सतत मोजली जातात आणि मर्यादा ओलांडली की काम थांबवले जाते. काही वर्षे चाललेला प्रयोग शेजारच्या हातोड्याने वाया जाऊ शकतो, याची जाणीव अशा ठिकाणी कंत्राटदारालाही ठेवावी लागते.

मग शहराबाहेर का जाऊ नये?

एवढा खटाटोप करण्यापेक्षा शहराबाहेर मोकळ्या माळावर प्रयोगशाळा का बांधू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. काही विज्ञानशाखांच्या बाबतीत तेच योग्य ठरते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे मुख्यालय पुण्यात आहे. परंतु त्याची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडद येथे आहे. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी शहरातील विद्युत गोंगाटात ऐकू येत नाहीत. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांना शहरात जागा मिळणे शक्य नाही आणि जमिनीची शांतता ही तिची पहिली अट आहे.

वैद्यकीय आणि आंतरविद्याशाखीय संशोधनाचे गणित मात्र वेगळे आहे. क्रिक संस्थेत जे वैज्ञानिक एकत्र आले, त्यांतील अनेक जण पूर्वी लंडनच्या उपनगरात मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करीत होते. तेथे हिरवळ होती, शांतता होती आणि जागेची चणचण नव्हती. तरीही ती जागा सोडून त्यांना शहराच्या मध्यभागी आणण्यात आले. रुग्णालये, तीन मोठी विद्यापीठे आणि रेल्वेस्थानके यांचे सान्निध्य हे त्यामागील मुख्य कारण होते. रुग्णाच्या पेशींचा नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचावा, डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञ यांची सहज भेट व्हावी आणि संगणकतज्ज्ञाने भौतिकशास्त्रज्ञाच्या दालनात डोकावावे, ही अपेक्षा अंतरामुळे अपुरी राहते. कोलंबियातील पूल आणि रॉकफेलरमधील लांब मजले याच अपेक्षेतून आले आहेत.

किमतीचा हिशेब

या सान्निध्याची किंमत मोठी असते. मोकळ्या जमिनीवर साध्या खांबांवर उभी राहिली असती, ती इमारत अपुऱ्या जागेवर कितीतरी अधिक पोलाद, अधिक वेळ आणि अधिक पैसा घेते. लंडनमधील जमीनच २००८ मध्ये ८.५ कोटी पौंडांना खरेदी करण्यात आली होती. हा पैसा संशोधकांच्या वेतनावर किंवा उपकरणांवर खर्च झाला असता, असा आक्षेप घेता येतो आणि तो निराधार नाही.

किंमत केवळ संस्थाच देतात असेही नाही. सॉमर्स टाउनमधील रहिवाशांनी क्रिक संस्थेच्या प्रकल्पाला विरोध केला होता. त्या जमिनीवर घरे व्हावीत, ही त्यांची मागणी होती. हार्लेमच्या रहिवाशांनी १९६८ मध्ये उद्यानाच्या जमिनीबद्दल उपस्थित केलेला प्रश्नही याच जातीचा होता. महानगरात मोकळा दिसणारा प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी उपयोगाचा किंवा आशेचा असतो. अभियांत्रिकी या दाव्यांचा निवाडा करू शकत नाही. मात्र जुने न पाडता, रस्ता बंद न करता आणि शेजाऱ्याच्या भिंतीला तडा न जाऊ देता नवे उभारण्याचा मार्ग ती दाखवू शकते. त्यामुळे दाव्यांमधील संघर्ष काही प्रमाणात सौम्य होतो.

भारतातील महानगरांमध्येही विद्यापीठे, रुग्णालये आणि संशोधन संस्था यांच्या आवारांतील मोकळी जागा घटत आहे. भुयारी मेट्रोमार्गांचे जाळे विस्तारत असताना प्रयोगशाळांखालील जमिनीची शांतताही पूर्वीसारखी राहिलेली नाही. अशा वेळी जागा निवडण्याआधी कंपनांचे मोजमाप करणे, संशोधकांच्या गरजा आराखड्यापूर्वी निश्चित करणे आणि बांधकामाचा क्रम पहिल्या दिवसापासून ठरवणे या तीन गोष्टी निर्णायक ठरतात. बांधून झालेल्या मजल्याची थरथर नंतर कमी करणे अत्यंत अवघड असते. नकाशावर असताना तीच गोष्ट एखाद्या तिरप्या दांडीने किंवा थोड्या अधिक जाड स्लॅबने साध्य होऊ शकते.